आंघोळ करून दिलेली साक्ष

पासपोर्टाची साक्ष द्यायची असली की आमचे बबननाना आधी आंघोळ करतात. सकाळी केलेली असली तरी पुन्हा करतात. मग पोस्टातला जुना खाकी कोट चढवतात, मे महिना असला तरी त्याची सगळी बटणं लावतात, खिशाला पेन अडकवतात आणि ओसरीवर ताठ बसून पोलिसांना सांगतात, "हं, इचारा. आन् लिवून घ्या."

शहरातल्या वाचकांना यात एवढं काय, असं वाटेल. पासपोर्टाचा अर्ज केला की पोलीस पत्त्यावर चौकशीला येतात आणि शेजारपाजारचे दोन साक्षीदार विचारतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साक्षीदार म्हणतो, "हो, ओळखतो, चांगला मुलगा आहे." सही करतो, चहा पितो आणि घरी जातो. दोन मिनिटांचं काम. बबननानांना त्याला पाऊण तास लागतो.

आमचं गाव नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुंजवण्याच्या फाट्याच्या आसपास. गाव लहान, पण पासपोर्ट पुष्कळ. कुणी मस्कतला, कुणी दुबईला, कुणी जहाजावर. एक गेला की तो चुलतभावाला नेतो, चुलतभाऊ मेव्हण्याला. नाना या सगळ्या खोऱ्याचे पोस्टमन होते. निवृत्त झाले तरी कुठल्या घरात किती माणसं आणि कुणाचं नाव कागदावर एक आणि तोंडात दुसरं, हे त्यांना पाठ आहे. त्यामुळं साक्षीला नाना हवेतच. आणि नाना हवेत म्हणजे खरं सांगणारच, ही अडचण.

आमच्या संतोषच्या वेळची गोष्ट. हवालदारानं विचारलं, "याच्यावर काही गुन्हे?"

नाना म्हणाले, "पोलिसात एक बी न्हाई. माझ्याकडं तीन हायत. लिवून घ्या."

हवालदार दचकला. नानांनी तिन्ही गुन्हे क्रमानं सांगितले. एक, पेरूच्या झाडावर चढला. दोन, पडला. तीन, मी चढलोच नव्हतो म्हणाला. "पर धाकल्या भावावर आळ आला तवा सोता येऊन कबूल झाला. त्ये बी लिवून घ्या. तेवढं जाड अक्षरात."

आता पोलिसांकडं वह्या जाऊन टॅब आले. त्यावर साक्षीदारानं बोटानं सही करायची. नानांना हे मुळीच मान्य नाही. "उभा जल्म मानसांस्नी सही शिकवत फिरलो. अंगठा नगं, सही कर, सही कर. आन् आता सरकार मलाच बोट लावाया सांगतंय," असं म्हणत ते टॅबवर बोट फिरवतात आणि नंतर कोऱ्या कागदावर पेनानं वेगळी सही करून हवालदाराच्या हातात देतात. "ऱ्हाऊ द्या सोबत. मशीन बिघडलं तर."

पण त्यांचा खरा प्रश्न पोलिसांच्या यादीत नसतोच. साक्ष देण्याच्या आदल्या दिवशी ते अर्जदाराला समोर बसवून विचारतात, "परत कधी येनार?"

पोरगं गोंधळतं. अजून पासपोर्ट हातात नाही, व्हिसा नाही, तिकीट नाही. ते म्हणतं, "बघू, नाना." नाना म्हणतात, "मंग म्या बी बघतो." झालं. उत्तर मिळाल्याशिवाय नाना आंघोळीला उठत नाहीत. शेवटी पोरगं म्हणतं, "चैत्रातल्या जत्रेला येतो." मग नाना दुसऱ्या दिवशी हवालदाराला हेही सांगतात. "जत्रेला येनार हाय. लिवून घ्या."

"त्याला कॉलम नाही, नाना."

"मंग समासात लिवा."

जत्रेच्या दिवशी नाना सकाळपासून एसटीच्या थांब्यावर बसतात. आमचा थांबा म्हणजे पत्र्याची शेड आणि सिमेंटचा एक बाक. परदेशातलं पोरगं गाडीतून उतरलं आणि पाया पडलं की ते म्हणतात, "मोकळा झालास." जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी मोबाईलवर नानांच्या आवाजात निरोप जातो: "जत्रा झाली. मटनातला तुजा वाटा मोत्याला घातला. त्यानं तुजी आठवन काढली." मोत्या म्हणजे नानांचा कुत्रा. दुबईत बसून हा निरोप ऐकणाऱ्याला पुढची जत्रा चुकवण्याची हिंमत होत नाही, असं म्हणतात.

दहा वर्षांनी पासपोर्टाचं नूतनीकरण करायला जे येतात, त्यांची तर परीक्षाच. पोलीस येवोत न येवोत, नाना जुना पासपोर्ट मागून घेतात, चष्मा लावतात आणि एकेक पान उलटून परत आल्याचे शिक्के मोजतात. "धा वर्सांत तीनच? येवढी पानं सरकारनं काय दाढीचा साबन पुसाया दिली व्हय?"

हे सगळं आम्ही हसत हसत एकमेकांना सांगतो. मीही सांगायचो. माझ्या घरात पासपोर्टाचा अर्ज आला तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मी शाळेत लिपिक आहे. नाना माझ्या घराला लागूनच राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. मला ते एरवी 'सुरेश' म्हणतात, रागावले की 'क्लार्कसाहेब'. माझी मुलगी आशू पुण्यात हॉस्टेलला राहून नर्सिंग शिकली. तिला जर्मनीतल्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. भाषेची परीक्षा तिनं पास केली होती. आता महिनाअखेरपर्यंत पासपोर्टाची प्रत पाठवायची होती, नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

अर्ज मी भरला. दुसऱ्यांचे दाखले भरण्यात जन्म गेलेला माणूस मी. गेलं वर्षभर कुठं राहता, असा प्रश्न आला. खरं उत्तर होतं पुण्याचं हॉस्टेल. पण दोन पत्ते दिले की दोन ठिकाणी चौकशी, दोन ठिकाणी चौकशी म्हणजे उशीर, असं कुणीतरी सांगितलेलं. मी गावचा पत्ता टाकला आणि पुढं सरकलो. आशूनं विचारलं, "पप्पा, हॉस्टेलचं नाही लिहायचं?" मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही." कॉलेजचा दाखला मात्र कागदांना जोडला होता, आणि त्यावर तीन वर्षं हॉस्टेलमध्ये राहत असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. हे मला कळलं नाही. मी लिपिक आहे, हे पुन्हा सांगतो.

आता नानांची भीती. मागं किसनच्या वेळी नानांनी साक्ष दिली होती की, "हा हितं ऱ्हात न्हाई. चाकनला ऱ्हातो. जत्रेला आन् मयताला येतो. लिवून घ्या." किसनचा पासपोर्ट अडकला. त्याची आई दोन महिने नानांशी बोलली नाही. नंतर नानाच दोन एसट्या बदलून चाकणला गेले आणि खोलीच्या मालकाकडून भाडेकरार करून घेऊन आले, हे मी त्या वेळी सोयीनं विसरलो. मला एवढंच आठवत होतं, की नाना आशूचंही खरं सांगतील.

म्हणून मी एक हलकं काम केलं. माझा चुलतभाऊ दत्ता आणि किराणावाले पोपटराव, अशा दोघांना साक्षीला तयार केलं. चौकशीला येणाऱ्या हवालदार मॅडमना फोन करून सांगितलं की बाजाराच्या दिवशी या, मला सुट्टी असते. सुट्टी नव्हती, मी रजा काढली. बाजाराच्या दिवशी नाना भोरला जातात आणि दुपारशिवाय परतत नाहीत. ज्या माणसाच्या ओसरीवर मी लहानाचा मोठा झालो, त्याला टाळायला मी तिथी धरली.

मॅडम दहाला आल्या. दत्ता आणि पोपटराव इस्त्रीचे शर्ट घालून बसलेले. दत्तानं सांगितलं, "इथंच राहते की, रोज दिसते." पोपटरावांना एवढ्यावर राहवेना. ते म्हणाले, "कालच दळण घेऊन चालली होती." काल आशू पुण्यात होती. आज सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेली ती पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मॅडमनी टॅबवर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "बबननाना कुठं आहेत?"

मी म्हणालो, "ते बाजाराला गेलेत. उशीर होईल. हे दोघं आहेतच की."

"नाही, ठाण्यातून निघताना साहेबांनी सांगितलंय, त्या गावात नानांना विचारल्याशिवाय परत येऊ नका. मी थांबते."

मी माझ्या बायकोकडं, मंगलकडं, पाहिलं. मंगल पोहे करायला आत गेली. तिनं दोनदा चहा केला. पोपटराव दुकान उघडं आहे म्हणून निघाले होते, मॅडमनी त्यांना हातानंच बसवलं. साडेअकराला बाहेर टेम्पो थांबला आणि नाना उतरले. हातात पिशवी, पिशवीत सुकट. वास त्यांच्या आधी अंगणात आला.

त्यांनी मॅडमना पाहिलं, टॅब पाहिला, दत्ताचा आणि पोपटरावांचा इस्त्रीचा शर्ट पाहिला. मग माझ्याकडं बघितलं.

"काय क्लार्कसाहेब, काय हाय आज?"

"आशूचा... पासपोर्ट, नाना."

"आसं." पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मॅडम, बसा. आंगुळ करून येतो."

ती वीस मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. शेजारच्या मोरीत तांब्या वाजत होता. दत्ता माझ्या कानाशी म्हणाला, "जाऊन सांग की त्यास्नी. तुजं ऐकतील." मी उठलो नाही. हे धैर्य नव्हतं. कुठल्या तोंडानं जाणार, एवढंच होतं.

नाना कोट घालून आले. बसले. "हं, इचारा."

"मुलीला किती वर्षं ओळखता?"

"जल्मली तवापासनं. आजोळी मुलगी झाली म्हनून कार्ड आलं, त्ये म्याच आनून दिलं. हा सुरेश तवा गोठ्यात व्हता. कार्ड वाचून रडला. लिवून घ्या."

"वडील रडल्याचा कॉलम नाही, नाना."

"व्हय, म्हायती हाय."

"काही गुन्हे?"

"पोलिसात न्हाई. माझ्याकडं बी न्हाई."

गावातल्या कुठल्याही पोराला नानांनी हे प्रमाणपत्र आजवर दिलेलं नव्हतं. मी खाली बघत होतो.

"गेलं वर्षभर ती इथंच राहते का?"

दत्ता खोकला. आशूनं तांब्या खाली ठेवला.

"न्हाई," नाना म्हणाले. "लिवून घ्या. पुन्याला हॉस्टेलात ऱ्हाती, तीन वर्सं झाली. शनवारी सहाच्या एसटीनं येती, सोमवारी पयल्या गाडीनं जाती. गेल्या सालात सात शनवार चुकलं. चार परीक्षेचं, दोन ड्युटीचं. एका शनवारी ताप व्हता."

मॅडमनी मान वर केली. "तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"म्या थांब्यावर आसतो ना. सहाची गाडी बघाया. ती उतरली की आमी धा मिंटं बसतो. कदी पंदरा. ती मला पुन्याचं सांगती, म्या तिला हितलं."

आशू सव्वासहाला घरी का पोचते, यावरून तीन वर्षं मी तिला बोलत आलो होतो. थांब्यापासून घर दोन मिनिटांवर. एकदा तर मी मंगलला म्हणालो होतो, पोरगी कुणाशी बोलत थांबते ते जरा बघ. मंगल म्हणाली होती, "तुम्हीच बघा." मी कधी गेलो नाही.

मॅडमनी कागदांच्या गठ्ठ्यातून कॉलेजचा दाखला काढून माझ्यापुढं धरला. "हे मी ठाण्यातच वाचलं होतं. तुमचे साक्षीदार म्हणतात रोज दिसते. काल दळण घेऊन चालली होती म्हणे." पोपटराव आढ्याकडं बघत होते. "नाना आले नसते तर अर्जातली माहिती खोटी आहे, असं मी लिहून पाठवणार होते. मग तुमचा महिना काय, वर्ष गेलं असतं."

त्यांनी नानांनी सांगितलं तसं लिहिलं. शिक्षणासाठी हॉस्टेलमध्ये, कायमचं घर इथं. मला अर्जातली चूक दुरुस्त करायला आणि हॉस्टेलचं पत्र ठाण्यात आणून द्यायला सांगितलं. सात शनिवारांचं त्यांनी काय केलं, ते मला माहीत नाही. टॅबला समास नसतो.

त्या दुपारी मी नानांकडं गेलो. ते कोट खुंटीला लावून सुकट निवडत होते.

"नाना, माझं चुकलं."

"चुकलंच," ते म्हणाले. "लिवून घ्यायला आता मॅडम न्हाईत, म्हनून वाचलास." आणि मला पाट सरकवला. "बस. मुंडकी काड."

मी तासभर सुकटीची मुंडकी काढत बसलो. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात सौम्य शिक्षा होती, आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली.

पुण्यातल्या पत्त्यावर दुसरी चौकशी झाली, पंधरा-सोळा दिवस जास्त गेले. पण महिना संपायला चार दिवस उरले असताना पासपोर्ट आला. नवा पोस्टमन पाकीट घेऊन अंगणात शिरला तोच नाना भिंतीपलीकडून ओरडले, "आदी आधार बघ! बापाच्या हातात देऊ नगं!" तो म्हणाला, "नाना, मी रोज हेच करतो." "कर की. म्या फकस्त बगतोय."

आशू निघायच्या आदल्या दिवशी नानांच्या पाया पडायला गेली. मी सोबत होतो. साक्षीच्या वेळी तो प्रश्न राहिला होता, कारण आदल्या दिवशी समोर बसवायला मी संधीच ठेवली नव्हती. आता विचारतील, म्हणून मी उत्तरही मनात तयार ठेवलं होतं. नानांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली, तिकडं सुकट मिळते का ते विचारलं, कानटोपी घालत जा म्हणाले. मोत्यानं तिचा हात चाटला. ती उठली. नानांनी विचारलं नाही.

ती बाहेर गेल्यावर मी न राहवून म्हणालो, "नाना, सगळ्यांना विचारता. हिला नाही विचारलं, परत कधी येणार?"

ते मोत्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"इचारलं आसतं तर जत्रंला येते म्हनाली आसती. आन् ही पोरगी बोलली की करती. नवी नोकरी, लांबचा पल्ला. सुट्टी न्हाई मिळाली तर तिकडं रडत बसंल. कशाला अडकवायची?"

मग ते आपणहून म्हणाले, "परकाशला इचारायचं ऱ्हायलं व्हतं. तवापासनं ही सवय."

प्रकाश म्हणजे त्यांचा मुलगा. मस्कतला असतो, चांगला आहे, रविवारी फोन करतो, चार-पाच वर्षांनी येतो. गावातून पहिला पासपोर्ट त्याचाच निघाला.

"बाप साक्षीला चालत न्हाई म्हनाले. म्या भाईर हुबा. पासपोर्ट आला तवा त्यो बी म्याच नेऊन दिला, ड्युटीवर. सही घेतली आन् फुडच्या घरी गेलो. इचारायचं ऱ्हायलं." मग माझ्याकडं बघून हसले. "आत साक्षीला तू व्हतास. तुला काय ठावं, काय इचारायचं त्ये."

खरंच, मी होतो. इतक्या वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. तेव्हा मी पंचविशीत होतो. "हो, ओळखतो, चांगला मुलगा आहे," असं म्हणालो होतो, सही केली होती, चहा प्यायला होता. दोन मिनिटांचं काम.

आशूला जाऊन आता सात महिने झाले. मजेत आहे, कानटोपी घालते. शनिवारी शाळेतून आलो की मी सहाच्या सुमारास थांब्यावर जातो. पहिल्या शनिवारी गेलो तेव्हा नाना बाकावरून थोडे सरकले. गाडी येते, दोनचार माणसं उतरतात, कधी कुणीच नाही. मी त्यांना शाळेतलं सांगतो. ते मला सांगतात, आज कंडक्टर नवीन आहे, कुणाची म्हैस व्याली, जर्मनीत आत्ता किती वाजले असतील. ते त्यांनी आशूकडून शिकून घेतलंय आणि रोज तपासून बघतात.

परवा आशूनं केलेल्या बर्फाच्या बाहुलीचा फोटो त्यांना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "कोट बरा शिवलाय. बटनं कुठं हायत?"

दहा मिनिटं होतात, कधी पंधरा. मंगल सव्वासहाला दारात उभी असते आणि मला काही बोलत नाही. गेल्या शनिवारी मी उठलो, पायजमा झटकला आणि चार पावलं गेलो असेन, तोच मागून आवाज आला.

"सुरेश."

"काय, नाना?"

"परत कधी येनार?"

मी वळून बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते, गाडी गेली होती त्या दिशेला.

"पुढच्या शनिवारी. सहाला."

"बरं," नाना म्हणाले. "लिवून घेतो."